पॅलिएटिव्हला कॉल कधी टाकायचा, हे पीजींना कसं शिकवता?

रामबागकर, इंदूर

इथे डॉक्टर मंडळी बरीच आहेत आणि डॉक्टरांना कंटाळलेलीही, म्हणून दोघांनाही विचारते. मी इंदूरला एका मेडिकल कॉलेजात मेडिसिन शिकवते. आमच्या हॉस्पिटलात आता पॅलिएटिव्हची, म्हणजे गंभीर आजारात पेशंटचा त्रास कमी करणारी, छोटी टीम आहे: एक डॉक्टर, दोन सिस्टर, एक सोशल वर्कर. मंडळी कामसू आहेत. अडचण त्यांची नाही, माझ्या युनिटमधल्या पीजींची, म्हणजे एमडी करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांची आहे. ते टीमला बोलावणारा कॉल टाकतात, पण पंगत उठल्यावर आचाऱ्याला बोलवावं तसा.

उदाहरण देते. कापडगिरणीत उमेदीची वर्षं गेलेले एक बाबूजी. छातीत गिरणीतली रुई, वर विडी. सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट धापेचा आजार), त्यापायी हृदयाची उजवी बाजू थकलेली, पाय सुजलेले, एकाच थंडीत पुन्हा पुन्हा भरती. त्यांच्या बायकोशी बोलले तेव्हा कळलं की हे गृहस्थ रात्री आडवे होतच नाहीत. मांडीवर उशी, उशीवर कोपरं, आणि नजर ऑक्सिजनच्या मशीनच्या दिव्याकडे. लाइट गेली तर काय, ही धास्ती. बायकोही सोबत जागी. आणि आमच्या केस शीटमध्ये काय, तर "डिस्प्निया ग्रेड फोर", म्हणजे तीव्र धाप. पुढे कार्बन डायऑक्साइड चढला, गुंगी आली, मुलाने व्हेंटिलेटरला नकार दिला, आणि मग आमच्या जेआरने (ज्युनिअर रेसिडेंट, म्हणजे पीजीच) पॅलिएटिव्हला कॉल टाकला. मजकूर असा: "पुअर प्रोग्नोसिस, काइंडली टेक ओव्हर." म्हणजे पुढची आशा कमी, आता तुम्ही सांभाळा. टीम पोचली तर मुलगा मला विचारतो, "मॅडम, अब ये कौनसे डॉक्टर हैं?" पॅलिएटिव्हच्या डॉक्टरबाईंनी तिथे काय करायचं होतं? त्या यायला हव्या होत्या आधीच्या भरतीत, जेव्हा बाबूजी बसल्याबसल्या शेजारच्या खाटेवरच्याशी क्रिकेटवरून भांडत होते.

शिकवायचं म्हणून जे करतात ते मी केलंय. स्पिक्टचा तक्ता (पॅलिएटिव्हची गरज ओळखायच्या खुणांचा) ड्युटी रूमच्या भिंतीवर लावला, आता त्यावर टिफिनवाल्याचा नंबर लिहिलेला आहे. "हा पेशंट पुढच्या वर्षभरात गेला तर तुला आश्चर्य वाटेल का?" हा प्रसिद्ध प्रश्नही विचारायला शिकवला. एका मुलीने सरळ सांगितलं, "मॅडम, आपल्या वॉर्डात कुणाचंच आश्चर्य वाटत नाही." आता तिला काय उत्तर देऊ? ती रोज तिथे उभी असते. जर्नल क्लबमध्ये बोस्टनचा २०१० चा टेमेलबाईंचा पेपर घेतला. पसरलेला फुप्फुसाचा कॅन्सर, १५१ पेशंट, निम्म्यांना निदानापासूनच नेहमीच्या उपचारांसोबत पॅलिएटिव्ह. त्यांचं जगणं सुसह्य झालं, नैराश्य कमी, शेवटी अंगावर येणारे उपचार कमी, आणि तरी मध्यक आयुर्मान ८.९ महिन्यांच्या जागी ११.६. मुलांना आकडे तोंडपाठ आहेत. परीक्षेत विचारा, धडाधड म्हणतील. वॉर्डात पुन्हा तेच, टेक ओव्हर.

मला वाटतं अडचण माहितीची नाहीच. कॉल टाकणं म्हणजे वरच्या सरांना "तुमच्याकडून होत नाही" असं सांगणं, अशी त्यांची समजूत आहे. त्यात घरचे बजावतात, "बाबूजी को कुछ मत बताना." मग पोरं गप्प राहतात आणि पेशंट अगदी बोलायचा थांबला की मोकळी होतात.

कुणी हे वॉर्डात प्रत्यक्ष शिकवून दाखवलंय का? व्याख्यानं नकोत, माझी मी देते.


निवांत, पुणे

मी मूळचा भूलवाला, गेली बरीच वर्षं फक्त पॅलिएटिव्ह. तुमच्या जेआरने जो कॉल टाकला तसे मला रोज येतात, त्यामुळे वाचताना हसू आलं आणि रागही.

एक करून बघा. कॉलमध्ये "प्रोग्नोसिस" हा शब्द लिहायला बंदी घाला. त्याऐवजी पेशंटला आत्ता काय होतंय आणि तुम्हाला काय जमत नाहीये, एवढंच लिहायचं. "दोन औषधं बदलली तरी दुखणं रात्री उठवतं." "डायलिसिस सुरू करायचं की नाही, दोन भावांचं जमत नाही." "बाई विचारतात किती दिवस राहिले, मला बोलता येत नाही." असं लिहायला लागलं की वेळ आपोआप अलीकडे सरकते, कारण या गोष्टी शेवटच्या दोन दिवसांत सुरू होत नाहीत. मरण कधी येणार याचा अंदाज सीओपीडीत आणि हार्ट फेल्युअरमध्ये भल्याभल्यांचा चुकतो. कॅन्सरचा पेशंट बरेच दिवस बरा असतो आणि मग उतार लागतो. यांचं तसं नाही, पडतात, सावरतात, पुन्हा पडतात, आणि कुठल्या पडण्याला उठणार नाहीत हे आधी सांगता येत नाही. पोरांना अंदाज बांधायला लावलंत की ती वाट बघत बसणार. गरज दिसते, ती बघायला सांगा.

दुसरं, आणि हे मी जरा जोरात म्हणतो: सगळंच माझ्याकडे पाठवू नका. चौघांची टीम बुडेल. प्रत्येक पीजीला पुढच्या चार गोष्टी स्वतः करता यायला हव्यात. कॅन्सरच्या दुखण्याला तोंडाने मॉर्फिन सुरू करणं: साधारण ५ मिलिग्रॅम दर चार तासांनी, म्हाताऱ्याला त्याहून कमी, किडनी बिघडलेली असेल तर फारच जपून किंवा दुसरं औषध. पहिल्याच दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध सोबत, कारण मळमळ काही दिवसांत जाते, बद्धकोष्ठ जात नाही. धापेला आधी चेहऱ्यावर वारा येईल असा छोटा हातातला पंखा, पुढे झुकून बसायची पद्धत, घरच्यांना धीर; औषध त्यानंतर आणि निवडून. आणि चौथं, दारात उभं न राहता खुर्ची ओढून बसणं. तुमच्या बाबूजींच्या बाबतीत मी पहिल्या दिवशी विचारलं असतं की लाइट गेल्यावर घरात दुसरा सिलिंडर आहे का, आणि तो उघडता कुणाला येतो. निम्मी धास्ती तिथेच उतरली असती.


झोपमोड, ग्वाल्हेर

मॅडम, मी त्या बाजूचा आहे. मेडिसिन, दुसरं वर्ष. तुमचा जेआर असाच का वागला ते सांगतो, राग मानू नका.

राउंडला सर पेशंटच्या पायाशी उभे राहून म्हणतात "देखते हैं", आणि पुढच्या खाटेकडे वळतात. त्या "देखते हैं"चा अर्थ लावायचा कुणी? रात्री अडीच वाजता नातेवाईक मलाच धरतात. त्या वेळी पॅलिएटिव्ह म्हटलं तर "सुबह तो बड़े सर ने कुछ नहीं बोला, आप कौन?" म्हणून मी सगळं करतो: ट्यूब, सेंट्रल लाइन, सीपीआर. करण्यावर कुणी ओरडत नाही. न करण्यावर ओरडा बसतो.

मॉर्फिनची भीती वेगळीच. मी डोस दिला आणि पेशंट पहाटे गेला, तर माझं नाव शीटवर आहे. आमच्या ग्वाल्हेरला तर केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचं मुख्यालय आहे, त्यामुळे मॉर्फिन म्हटलं की पोरं थट्टेत म्हणतात, "बाजूलाच आहेत, चालत येतील." थट्टा आहे, पण सही करताना हात थांबतो हेही खरं.

आणि एक. पीजीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात सीनियरने मला लामाची सही कशी घ्यायची ते शिकवलं. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेत आहोत, जबाबदारी आमची, दोन साक्षीदार, अंगठा असेल तर कुठे, सगळं. तो माणूस घरी जाऊन धापेने तडफडला तर घरच्यांनी काय करायचं, हे आजपर्यंत कुणी शिकवलेलं नाही. लामाचे बहुतेक लोक बरे व्हायला घरी जात नाहीत, मॅडम. पैसे संपतात, किंवा आशा संपते, आणि माणसाने आपल्या घरात जावं असं वाटतं. ते "सल्ल्याविरुद्ध" जातात, कारण तो सल्ला आम्ही दिलेलाच नसतो.


लिव्हरवाला, बडोदा

थोडा विरोधी सूर लावतो. हे "लवकर बोलवा" प्रकरण कॅन्सरवाल्यांना शोभतं. माझ्याकडे दारूने लिव्हर गेलेला, डोळे हळदीसारखे, पोटात पाणी, भ्रमात बडबडणारा तरुण भरती होतो आणि तो सहा महिन्यांनी दारू सोडून स्वतःच्या पायांनी ओपीडीत येतो. असे पाहिलेत. त्या पहिल्या भरतीत पॅलिएटिव्हचा शिक्का बसला असता तर आयसीयूने त्याला बेड दिला असता का? ट्रान्सप्लांटच्या यादीतल्या माणसाचं काय? पीजी हुशार असतात, पण शिक्का एकदा बसला की रात्रीचा ड्युटीवाला हात आखडता घेतो. त्याची भीती मला आहे, पॅलिएटिव्हची नाही.


निवांत, पुणे

लिव्हरवाले, भीती रास्त आहे, पण त्यावर उपाय कॉल उशिरा टाकणं हा नव्हे. शिक्का कुठून बसतो? पॅलिएटिव्ह नोटच्या बाजूला दुसरं काही लिहिलेलं नसतं म्हणून. आमची नोट असो वा नसो, शीटवर ठळक हवं: "आयसीयू: हो. व्हेंटिलेटर: हो. पुन्हा बघणार: अमुक तारखेला." तुमच्या त्या तरुणाला मी पोटातल्या पाण्याच्या ताणासाठी, खाजेसाठी, त्याच्या बायकोच्या जागरणासाठी बघीन, तुम्ही लिव्हरसाठी बघा. तो सुधारला तर मी रजा घेईन. ट्रान्सप्लांटच्या यादीवर असणं आणि अंगाला खाज सुटणं, दोन्ही एकाच माणसाला होतं.

झोपमोड, तुमच्या भीतीबद्दल. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा, त्याने अनेक हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं हे खरं. पण २०१४ ला दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोनसकट सहा औषधं "अत्यावश्यक नार्कोटिक" ठरली आणि मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. तुमच्या हॉस्पिटलाला ती आहे का, एवढं फार्मसीत विचारा. डोस, वेळ आणि कशासाठी दिला हे शीटवर लिहिलेलं असलं की दुखणाऱ्या माणसाला दिलेलं औषध हा गुन्हा होत नाही. व्हेंटिलेटर काढण्या-न-लावण्याचे नियम वेगळे. सुप्रीम कोर्टाचा ९ मार्च २०१८ चा निकाल आणि जानेवारी २०२३ मधली त्याची सोपी केलेली पद्धत, डॉक्टरांची दोन बोर्डं वगैरे, ते तिथे लागतं. पॅलिएटिव्हला कॉल टाकायला कुठलंही बोर्ड लागत नाही. पोरं या दोन गोष्टींची गल्लत करतात, आणि खरं तर मोठेही करतात.


रामबागकर, इंदूर

झोपमोड, राग कसला. तुमचा लामाचा मुद्दा वाचून मी त्या रात्री बराच वेळ जागी होते आणि शनिवारच्या क्लासचा विषयच बदलला.

आमच्या वॉर्डाची लामाची वही काढली. त्यातल्या काही केस शीट्स रेकॉर्ड रूममधून मागवल्या, नावं झाकली आणि पीजींना वाटल्या. प्रश्न एकच: सहीच्या पानापासून मागे मागे जा, आणि पॅलिएटिव्हला कॉल टाकता आला असता अशी सगळ्यात आधीची ओळ शोधा. ओळ, दिवस नव्हे. बोट ठेवून दाखवायची.

पहिली दहा मिनिटं सगळे डॉक्टरांच्या नोट्स चाळत होते आणि काही सापडत नव्हतं. सापडणार कसं? आम्ही लोक लिहितो "सीएसटी", कन्टिन्यू सेम ट्रीटमेंट, आणि पुढच्या खाटेकडे. मग त्या आश्चर्य न वाटणाऱ्या मुलीने सिस्टरचं पान उघडलं. रात्रपाळीच्या नोट्स, निळ्या पेनने, जरा तिरक्या अक्षरात: "पेशंट ने फीड लेने से मना किया. बोल रहे हैं घर जाना है." त्याच तारखेला आमची नोट: सीएसटी. दुसऱ्या एका शीटमध्ये सिस्टरने लिहून ठेवलेलं, "पत्नी रो रही थी, पूछ रही थी कितने दिन." आमची नोट: सोडियम करेक्ट करणे. सोडियम खरंच कमी होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

पोरं गप्प झाली नाहीत, उलट वाद सुरू झाला. एकाचं म्हणणं, घर जाना है तर प्रत्येक जण म्हणतो, वॉर्डाचं खाणं बघा. मी म्हटलं ठीक आहे, मग कोणता "घर जाना है" कंटाळ्याचा आणि कोणता वेगळा, हे ठरवायला काय विचाराल? दुसरा म्हणाला, "घर जाके क्या करना है, ते विचारू." खाट अंगणात हवी, नातीचं लग्न बघायचंय, की नुसता मटकीचा रस्सा खायचाय. मला तो प्रश्न आवडला. पुस्तकात नाही तो.

क्लासला मी आमच्या रात्रपाळीच्या सिस्टरनाही बोलावलं होतं, त्या कोपऱ्यात बसल्या होत्या. निघताना म्हणाल्या, "मॅडम, हे सगळं आम्ही हॅण्डओव्हरला सांगतो की." सांगतात. हॅण्डओव्हरच्या, म्हणजे पाळी बदलायच्या वेळी आमची पोरं चहाला गेलेली असतात.

निवांत, तुमची शब्दबंदी लागू केली. कॉलच्या फॉर्मवर "प्रोग्नोसिस" चालणार नाही, "टेक ओव्हर" तर नाहीच. आणि फॉर्म मी टाकायला सांगेपर्यंत थांबायचं नाही. पीजीने टाकायचा, मला फक्त कळवायचं. "आप कौन?"ला उत्तर म्हणून राउंडवर मी स्वतः नातेवाईकांसमोर सांगणार की रात्री हे जे सांगतील ते माझंच समजा. तुमच्या बड्या सरांनाही हे कुणीतरी सांगायला हवं, झोपमोड, पण ते तुमच्यावर ढकलत नाही.

मॉर्फिनवरून आठवलं. इथून काही तासांवर मंदसौर-नीमच. फेब्रुवारीत अफूच्या बोंडांना चिरे मारतात, सरकारी परवान्याने, आणि नीमचच्याच सरकारी कारखान्यात त्या चिकापासून मॉर्फिनसारखी अल्कलॉइडं काढतात. माझे अर्धे पेशंट त्याच पट्ट्यातले. त्यातल्या एका शेतकऱ्याने जबड्याच्या कॅन्सरने कण्हत मला सांगितलं होतं की त्याच्या काकाकडे पट्टा (अफू पिकवायचा परवाना) होता. आणि त्याच्या गावच्या मेडिकलवर मॉर्फिनची गोळी मिळत नाही. हे मी पीजींना नकाशावर दाखवते. कायद्याचं कलम त्यांच्या लक्षात राहत नाही, हे राहतं.

लिव्हरवाले, तुमचं पटलं थोडं. "पुन्हा बघणार, अमुक तारखेला" हे मीही शीटवर घेणार. पण शिक्क्याच्या भीतीने तुमचा तो दुसरा पेशंट, जो सुधारत नाही आणि दर आठवड्याला पोटातलं पाणी काढायला येतो, तो कुणाच्याच वाट्याला येत नाही. त्याचं काय, ते सांगा कधीतरी.


लोकमान्य_नगर, इंदूर

डॉक्टर नाही, पेशंटची मुलगी. ताई, तुम्ही कंटाळलेल्यांनाही विचारलंत म्हणून लिहिते.

माझ्या आईला अंडाशयाचा कॅन्सर होता. तिची केमो चालू असतानाच पॅलिएटिव्हच्या ताई यायला लागल्या, त्यामुळे आम्हाला त्या कधी "शेवटच्या" वाटल्या नाहीत. त्यामागचं कारण फार साधं आहे. आमच्या ओळखीच्या, रोज येणाऱ्या तरुण डॉक्टर मुलीने त्यांना हाताला धरून आईच्या खाटेशी आणलं आणि म्हणाली, "काकू, तुमचं पोट रात्री जे दुखतं ना, त्यातल्या या माहीतगार. मी आहेच, उद्याही येणार आहे." बस. आईने लगेच त्यांना विचारलं, तुम्ही कुठल्या, माहेर कुठलं. त्या धारच्या निघाल्या.

नंतर बाबांना हॉस्पिटल बदलावं लागलं तेव्हा उलट अनुभव. तिथे एक अनोळखी डॉक्टर आले, कार्ड दिलं, आणि बाबांनी कार्डावरचं वाचून तोंड भिंतीकडे केलं. दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. माणूस चांगला होता, आम्हाला पुढे त्याचा उपयोगही झाला. फक्त आधी कुणी सांगितलं नव्हतं की तो येणार आहे आणि कशासाठी.

"बाबूजी को मत बताना" म्हणणाऱ्यांतली मीही एक. तेव्हा पॅलिएटिव्हच्या ताईंनी माझ्याशी वाद घातला नाही. त्या म्हणाल्या, "बरं, मी काही सांगणार नाही. त्यांनी मला विचारलं तर मात्र खोटं बोलणार नाही, चालेल?" मी हो म्हटलं. आईने विचारलं. मला वाटतं तिला आधीच ठाऊक होतं, आणि ती आमच्यासाठी गप्प होती, आम्ही तिच्यासाठी. तुमच्या मुलांना हे वाक्य शिकवा, इतर काही नाही जमलं तरी.


झोपमोड, ग्वाल्हेर

ताई, "मी आहेच, उद्याही येणार आहे" हे लिहून घेतलं. अडचण एवढीच की उद्या कधीकधी माझी पोस्टिंग बदललेली असते. तेव्हा "उद्या अमुक येईल, त्याला मी सगळं सांगितलंय" असं म्हणायचं आणि खरंच सांगायचं. रात्रीच्या हॅण्डओव्हरला सिस्टरबरोबर उभं राहायलाही सुरुवात केली. चहा नंतर.


रामबागकर, इंदूर

लोकमान्य_नगर, तुमचं ते वाक्य पुढच्या शनिवारी पीजींकडून एकमेकांवर करून घेणार. एक बाबूजी होईल, एक मुलगा, एक डॉक्टर. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात एमबीबीएसला संवादाचे तास आले आहेत, पण माझ्या आताच्या पीजींपैकी बरेच त्याआधीचे, त्यांच्या वाट्याला ते आलेच नाहीत. हसतील सुरुवातीला. हसू देत.

निवांत, एक विनंती. तुमच्याकडे धापेसाठी घरच्यांना द्यायचा कागद आहे का, पंखा, बसायची पद्धत, सिलिंडर उघडणं, रात्री कुणाला फोन करायचा? हिंदीत आणि चित्रांचा हवा. झाबुआ-खरगोनकडच्या घरात वाचणारं नातवंड शाळेत गेलेलं असतं.


निवांत, पुणे

मराठीत आहे, चित्रांसकट. व्यनि (खाजगी निरोप) केलाय. हिंदी तुमच्या सिस्टरांकडून करून घ्या, माझी हिंदी पुण्याची आहे. आणि झाल्यावर मला एक प्रत पाठवा, आमच्याकडे बिहारचे पेशंट वाढलेत.